काका रिकामे, बासष्ट किलो

काटेकाकांचं सगळं आयुष्य ट्रक तोलण्यात गेलं. वस्ती संपून शेतं सुरू होतात तिथे रस्त्याच्या कडेला एक वजनकाटा होता. काट्याला लागून एक खोली, खोलीला एक खिडकी आणि त्या खिडकीत काटेकाका. समोर काट्याच्या लोखंडी पाटावर ट्रक येऊन थांबायचा, काका आकडा बघायचे आणि हिशेब सांगायचे. भरलेल्या गाडीचं वजन, त्यातून रिकाम्या गाडीचं वजन वजा, उरला तो माल. रिकाम्या गाडीचं वजन तिच्या दारावर रंगाने लिहिलेलंच असायचं. यापलीकडे जगात काही अवघड आहे असं काकांना कधी वाटलं नाही.

ड्रायव्हर लोक हुज्जत घालायचे. "साहेब, जरा डोळ्यांनी बघा की! गाडी अर्धीसुद्धा भरलेली नाही."

"डोळे घरी ठेवून आलोय," काका म्हणायचे. "इथे काटा बघतो."

आणि ज्याचा माल जास्त भरेल त्याला ते बाजूला उभं करायचे. जादा माल उतरवल्याशिवाय गाडी सोडायची नाही, मग ड्रायव्हर रडो की ओरडो. माणूस सरळ होता, पण सरळ माणसाशी बोलायला फारसं कुणी थांबत नाही, तसं त्यांचं होतं.

निवृत्त झाल्यावर त्यांनी घरच्यांचा जीव नकोसा केला. गोण्या तोलायचा एक जुना काटा कचेरीवाले भंगारात काढत होते, तो त्यांनी घरी आणला. खाली लोखंडी पाट, वर आडवी पट्टी आणि पट्टीवर सरकवायचं वजन. पहिल्या आठवड्यात त्यांनी गॅसचं सिलेंडर तोललं आणि सिलेंडरवाल्याला दारात उभं करून ठेवलं. मग रद्दी तोलली. मग पीठ गिरणीतून आल्यावर तोललं, आणि गिरणीवाल्याकडे चौकशीला जाऊन आले. गिरणीवाल्याने पुढच्या वेळी काकूंना सांगितलं, "वहिनी, दळण तुम्हीच आणत जा."

शेवटी सुनेने त्यातून वाट काढली. तिने मागच्या अंगणात शेळ्या पाळल्या होत्या. साध्यासुध्या नव्हेत, मोठ्या जातीच्या, दुधाच्या. दारात उभी राहिली तर खिडकीतून आत डोकावून स्वयंपाक काय केलाय ते बघेल, एवढी एकेक उंच. मुलगा नोकरीपायी बाहेरगावी असायचा, तेव्हा शेळ्यांचं सगळं सूनच बघायची. ती म्हणाली, "बाबा, करडांचं वजन दर आठवड्याला घ्यावं लागतं. ते काम तुम्ही घ्याल का?"

काकांचा चेहरा असा उजळला की काकूंनी पदराआड हसू लपवलं.

सुनेने त्यांना नीट समजावलं होतं. करडू नुसतं उंच दिसून भागत नाही. पाठ, म्हणजे वाढती मादी, बोकडाला लावायची तर तिचं वजन आईच्या वजनाच्या निदान दोनतृतीयांश झालेलं पाहिजे. कमी असताना गाभण राहिली तर विताना जिवावर बेतू शकतं, आणि वाचली तरी तिची वाढ तिथेच खुंटते. उलट फार लठ्ठ केली तर कासेत चरबी बसते आणि दूध घटतं. कमी नको, जास्त नको. काकांना हे ऐकून भरून आलं. रस्त्यावरच्या ट्रकांनाही नेमका हाच नियम होता.

गोठ्यात सगळ्यांत मान होता तो 'मोठी'चा. भरपूर दूध देणारी, पण आता तिचं वय झालं होतं आणि जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी तिला पुन्हा गाभण करू नका असं सांगितलं होतं. तिची शेवटची मुलगी ठिपकी. मोठीची जागा घेणार ती हीच, म्हणून सगळ्यांचा जीव ठिपकीत. काकांचा तर इतका, की ते तिच्याशी बोलताना आवाज बारीक करायचे. तसा आवाज त्यांनी लग्नानंतर आपल्याशीही कधी काढला नव्हता, असं काकू म्हणायच्या.

पण ठिपकी पहिल्यापासून भित्री. काट्याचा पाट पायाखाली जरा खडखडला की ती उडी मारून थेट गव्हाणीमागे. काका शेजारी उभे राहिले तर मात्र त्यांच्या गुडघ्याला कपाळ लावून गप्प उभी राहायची. काकांनी लगेच निर्णय दिला, "ड्रायव्हरसकट तोलू." ते आधी एकटे पाटावर चढले. भरले बासष्ट किलो. फाटकाचा हिरवा रंग उरला होता तो घेऊन त्यांनी गोठ्याच्या चुन्याच्या भिंतीवर सुबक अक्षरांत लिहिलं : काका रिकामे – ६२ किलो.

"रिकामे कशाला लिहिलंत?" काकू म्हणाल्या. "येणाराजाणारा म्हणेल, यांना घरात काही कामधंदा नाही."

"कामधंदा नाही म्हणून नव्हे गं, माल नाही म्हणून."

तेव्हापासून दर रविवारी काका आणि ठिपकी जोडीने पाटावर उभे राहू लागले. आलेल्या आकड्यातून बासष्ट वजा. ठिपकीचं वजन छान वाढत होतं. इतकं छान, की काकांनी तिचं दूध ठरल्यापेक्षा महिनाभर आधीच तोडलं.

"बाबा, अजून थोडे दिवस पाजू या ना," सून म्हणाली.

"वजन आलंय. नियम म्हणजे नियम."

ठिपकीचं ते वाचलेलं दूध रोज पेलाभर उरायचं. एवढ्याशासाठी किटली कुठे उघडायची, म्हणून काका ते उभ्याउभ्या पिऊन टाकायचे. काकूंनी एकदा भुवया उंचावल्या तर म्हणाले, "शेळीचं दूध पचायला हलकं. त्याचं काही अंगाला लागत नाही."

आता इथे काकूंचाही एक भाग होता. काका तरुणपणापासून काटकुळे आणि त्याचा त्यांना भारी अभिमान. मागे एका समारंभात मेव्हणी सहज म्हणाली होती, "भाऊजी, तब्येत सुधारली हं!" तर घरी येऊन त्यांनी जेवणाला तोंड लावलं नव्हतं. तेव्हा निवृत्तीनंतर विजारी आवळायला लागल्या तशा काकूंनी तोंडातून एक शब्द काढला नाही. दुपारी काका झोपले की त्या सुईदोरा घेऊन बसायच्या आणि विजारीचा हूक जरासा पुढे सरकवून टाकायच्या. सदऱ्यांची बटणंही सरकवायच्या. काका विजार चढवून आरशात बघायचे आणि म्हणायचे, "बघ, त्याच विजारी. माणसाने अंगावर ताबा ठेवावा तो असा."

"तर काय," काकू म्हणायच्या आणि सुई परत डबीत ठेवायच्या.

असं चाललं होतं. दर रविवारी आकडा वाढायचा, काका खूश व्हायचे, आणि खुशीत पेला रिकामा करायचे. एक दिवस त्यांनाच ठिपकीच्या वाढीची काळजी वाटू लागली. "ही ओव्हरलोड होतेय," ते म्हणाले आणि त्यांनी तिचा खुराक निम्मा केला.

सुनेने ठिपकीच्या पाठीवरून हात फिरवला. "बाबा, कणा हाताला लागतोय हो हिचा. एकेक मणी मोजून घ्यावा असा."

"मणी मोजू नकोस, किलो मोज."

"पण दिसायला तरी..."

"डोळ्यांवर जाऊ नकोस. आयुष्यभर लोक मला डोळ्यांनी बघा म्हणत होते."

सुनेने हात काढून घेतला. म्हाताऱ्या माणसाला एक काम दिलं, ते परत कसं काढून घ्यायचं? पण काकांनी ठिपकीचं एकेचाळीस किलो वजन चौकात जाहीर केलं आणि बोकडवाल्याला येत्या बुधवारी बोकड घेऊन बोलावलं, तेव्हा तिने ठरवलं, आता हातावर हात ठेवून बसायचं नाही. बुधवारी सकाळी तिने मोठीचा खूर दाखवायचं निमित्त केलं आणि डॉक्टरीणबाईंना बोलावून घेतलं.

डॉक्टरीणबाईंनी मोठीचा खूर बघितला. मग जाता जाता, सुनेने डोळ्याने खुणावल्यावर, ठिपकीच्या पुढच्या पायांमागून छातीभोवती फीत गुंडाळली आणि फितीवरचा आकडा वाचला. "सत्तावीस."

काका मोठ्यांदा हसले. "डॉक्टर, ही फीत शिंप्याकडे शोभते. एकेचाळीस आहे ती."

"काका, फितीने दोनतीन किलो इकडेतिकडे होतात, मान्य आहे. पण चौदा किलो जातील कुठे?"

"तेच मी तुम्हाला विचारतोय! चौदा किलो गेले कुठे?"

दारात उभ्या असलेल्या काकूंनी नजर खाली घातली. चौदा किलो त्यांच्या समोरच, दोन्ही हात पाठीमागे बांधून उभे होते.

"चला, दाखवतोच," काका म्हणाले. त्यांनी ठिपकीला बोलावलं, दोघं पाटावर चढले, ठिपकीने कपाळ गुडघ्याला लावलं, काकांनी वरचं वजन सरकवलं. एकशे तीन. "एकशे तिनातून बासष्ट गेले, राहिले किती? सूनबाई, तूच सांग."

"एकेचाळीस," सून पडेल आवाजात म्हणाली.

डॉक्टरीणबाईंनी काट्यावर शंका घेतली. काकांनी पेंडेचं न फोडलेलं पोतं आणून पाटावर ठेवलं. पोत्यावर छापलंय तेवढंच भरलं. काकांनी दोन्ही हात कमरेवर ठेवले. डॉक्टरीणबाई आता स्वतःच्या फितीकडेच संशयाने बघू लागल्या, तिच्या टोकापासून आकडे तपासू लागल्या.

"बाबा, मी उभी राहू का तिच्याबरोबर?" सून म्हणाली.

"राहा की. काटा सगळ्यांना सारखाच."

सून आधी एकटी चढली. बावन्न. मग तिने ठिपकीला कुशीशी धरून वर घेतलं. ठिपकी थरथरली, पण थांबली. एकोणऐंशी.

वजाबाकी करायला कुणाला फार वेळ लागत नव्हता.

"तुझं रिकामं वजन चुकलं असणार," काका म्हणाले.

"तुमच्यासमोरच तर उभी राहिले, बाबा."

"मग तू श्वास रोखून धरला असशील."

"त्याने वजन बदलतं का हो?" डॉक्टरीणबाईंनी हळूच विचारलं.

सगळ्यांची नजर हळूहळू भिंतीवरच्या हिरव्या अक्षरांकडे गेली. तिथून ती काकांकडे वळली, आणि मग कुणी छपराकडे बघू लागलं, कुणी जमिनीकडे.

एवढ्यात रस्त्यावर टेम्पोचा भोंगा वाजला. बोकडवाला येत होता. टेम्पोच्या आधी बोकडाचा उग्र वास आत आला, आणि ठिपकी मान वर करून शेपटी फडफडवत ओरडायला लागली.

"अहो," काकू म्हणाल्या, "एकदा एकटे उभे राहा."

"कशाला? भिंतीवर लिहिलंय."

"ते लिहून किती दिवस झाले?"

"लिहून दिवस झाले म्हणून काय? विजार तीच आहे माझी! घट्ट झाली असती तर मला कळलं नसतं?"

"विजार तीच आहे," काकू म्हणाल्या. "हूक जागेवर नाही."

"म्हणजे?"

"सरकवत होते मी. तुम्ही झोपलात की."

काकांनी सदरा वर करून कमरेकडे पाहिलं. हुकाच्या मागे जुन्या टाक्यांची भोकं एका ओळीत दिसत होती, हूक पावलापावलाने कडेपर्यंत चालत गेल्यासारखी. सुनेने तोंड फिरवलं. तिचे खांदे हलत होते आणि ती रडत नव्हती हे नक्की.

"इतके महिने?" काका म्हणाले.

"तुम्ही आधीच उदास होतात. त्यात आणखी हे कुठे सांगू? आणि मला काय माहीत, तुमच्या पोटाची वजाबाकी तुम्ही त्या लेकराच्या अंगातून करताय ते!"

काका काट्यापाशी गेले. त्यांनी चप्पल काढली. घड्याळ काढलं. खिशातल्या किल्ल्या काढून गव्हाणीच्या कठड्यावर ठेवल्या. क्षणभर विचार करून चष्माही काढला, पण मग आकडा दिसेना म्हणून परत घातला. ते पाटावर चढले आणि वरचं वजन बासष्टवर नेलं. पट्टी टणकन वर आदळली. त्यांनी ते एकेक खाच पुढे सरकवायला सुरुवात केली. पासष्ट. सत्तर. पट्टी वरच. डॉक्टरीणबाई सौजन्याने मोठीचा खूर पुन्हा तपासू लागल्या. शहात्तरवर पट्टी हळूच खाली आली आणि मधोमध स्थिर झाली.

काका खाली उतरले नाहीत. तिथेच उभं राहून त्यांनी ठिपकीकडे पाहिलं. बहुधा पहिल्यांदाच नुसत्या डोळ्यांनी. पोट आत ओढलेलं, कमरेच्या हाडांची दोन टोकं वर आलेली, अंगावरचे केस रखरखीत. ती मात्र त्यांच्याकडे नेहमीच्याच भरवशाने बघत होती.

"हिचं दूध मी प्यायलो," ते म्हणाले. "आणि माझं वजन वाढलं म्हणून हिचा खुराक तोडला."

"बाबा, वेळेवर कळलं ना," सून म्हणाली. "डॉक्टर, भरून येईल ना ती?"

"येईल. जंतांचं औषध देते. खुराक पूर्ववत करा, आणि तिला वेगळं बांधून खायला घाला, मोठ्या शेळ्या तिला ढकलत असणार. फक्त आज बोकड लावू नका. एवढ्या अंगाने ती विऊ शकणार नाही."

फाटकाशी टेम्पो थांबला. "काटेसाहेब!" बाहेरून हाक आली. "नवरदेव आलाय! नवरीला बाहेर काढा!"

काकांच्या तोंडचं पाणी पळालं. हा बोकडवाला म्हणजे एकेकाळचा ट्रक ड्रायव्हर. जास्त माल भरला म्हणून काकांनी त्याला किती वेळा रस्त्याच्या कडेला उन्हात बसवून ठेवलं होतं, ते त्यालाही आठवत होतं आणि काकांनाही. शिवाय त्याच्या कानावर गेलेली गोष्ट संध्याकाळपर्यंत चहाच्या प्रत्येक टपरीवर पोचायची.

"मी जाते," सून म्हणाली. "ठिपकीला ताप आहे म्हणून सांगते."

काका हो म्हणणारच होते. तोंड उघडलंही होतं. पण त्यांच्या खिडकीसमोर उभं राहून माणसांनी काय काय कारणं सांगितली होती! पावसाने माल भिजला म्हणून जड झाला, चाकांना चिखल लागलाय, क्लीनर आत झोपलाय. त्यांनी एकाचंही ऐकलं नव्हतं.

"नको," ते म्हणाले आणि चप्पल न घालताच फाटकाकडे गेले.

बोकडवाला दोरी धरून उभा होता. बोकड त्याला ओढत होता, आतून ठिपकी साद घालत होती, आणि शेजारची दोन घरं खिडकीत आली होती.

"गाडी परत न्या," काका म्हणाले. "ठिपकी चौदा किलोने कमी भरली."

"कमी? परवा तर चौकात तुम्हीच एकेचाळीस सांगत होतात!"

"सांगत होतो."

"मग चौदा किलो गेले कुठे, साहेब?"

काकांनी मागे वळून बघितलं नाही. "ते माझे होते," ते म्हणाले. "मी तिच्याबरोबर काट्यावर उभा राहायचो. माझं वजन वाढलं आणि मी जुनंच वजा करत राहिलो."

बोकडवाल्याची नजर काकांच्या चेहऱ्यावरून सदऱ्याच्या बटणांपर्यंत उतरली, तिथे थांबली, आणि तो असा हसायला लागला की दोरी हातातून सुटते की काय असं झालं. टेम्पोचा कठडा धरून तो वाकला. बोकडही थबकून त्याच्याकडे बघायला लागला.

"ओव्हरलोड!" त्याला बोलता येईना. "आमच्या गाड्या... आयुष्यभर... आणि आता साहेब स्वतःच ओव्हरलोड!"

"हसून घ्या," काका म्हणाले. "झालं की सांगा."

बोकडवाला हसायचा थांबला. त्याने डोळे पुसले. "खोटं सांगितलं असतंत तरी मला काय कळणार होतं, साहेब?"

"मला कळलं असतं."

तो थोडा वेळ दोरी हातात गुंडाळत राहिला. "पोरगी किती आहे मग, नक्की?"

"सत्तावीस."

"अरे बापरे! मग बरं झालं थांबवलंत. माझी एक गेली होती तशी, लहान अंगाची. रात्रभर तळमळली." त्याने बोकडाला टेम्पोकडे वळवलं. "भरून येऊ दे तिला. मी पुन्हा येतो, खेपेचं काही म्हणू नका. पण साहेब, नियम तो नियम. जादा माल उतरवल्याशिवाय गाडी सोडायची नाही, तुमचंच म्हणणं."

"सोडणार नाही," काका म्हणाले.

गोष्ट व्हायची तशी झाली. टपरीवर काका दिसले की कुणीतरी हमखास विचारायचं, "काका, भरलेले की रिकामे?" काका मान हलवून पुढे जायचे. त्यांना टपरीवर थांबायला वेळच नव्हता. रोज सकाळी ते ठिपकीला घेऊन टेकडीच्या उतारावर चरायला जायचे, आणि ठिपकीला एका झुडपावर कधी समाधान नसल्यामुळे काकांना तिच्यामागे सगळी टेकडी चढावी लागायची. घरी आल्यावर ते तिची बादली वेगळी भरायचे आणि ती खाऊन संपेपर्यंत मध्ये उभं राहून मोठीला हटकायचे. आपल्याच लेकीच्या खाण्यात तोंड घालते म्हणून मोठीला ते जे बोलायचे, ते बरंचसं स्वतःलाच असायचं. फीत आता सुनेच्या हातात होती. काका ठिपकीचं डोकं धरायचे आणि आकडा दोनदा वाचून घ्यायचे.

चार-पाच महिन्यांनी टेम्पो पुन्हा फाटकाशी थांबला. बोकडवाला उतरला, त्याने आत येऊन ठिपकीच्या पाठीवरून हात फिरवला आणि कणा लागेना म्हणून पुन्हा एकदा फिरवला. ठिपकीचं अंग चकचकीत, छाती रुंद, आणि बोकडाकडे बघायची तिची नजर पूर्वीसारखी केविलवाणी नव्हती, चांगली तोऱ्याची होती.

"किती?" त्याने विचारलं.

"त्रेचाळीस," काका म्हणाले. "एकटीचे."

"वा! आणि साहेब?"

काका खाकरले. त्यांनी बोकडाची चौकशी सुरू केली, टेम्पोच्या टायरांची केली, हवापाण्याची करणार तेवढ्यात आतून काकूंचा आवाज आला, "साहेबांचा माल अजून उतरतोय!"